ताटं कुणी धुवायची?

वाढदिवस, सत्यनारायणाची पूजा, हळदीकुंकू, गणपतीतलं सोसायटीचं जेवण, एकतीस डिसेंबरला गच्चीवरचा कार्यक्रम. गोरेगावात वर्षभर कुठे ना कुठे पंगत बसतेच, आणि तयारीत एक प्रश्न ठरलेला असतो: ताटल्या कसल्या आणायच्या? एके काळी उत्तर सोपं होतं, थर्माकोलच्या. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलची एकदाच वापरायची ताटं, वाट्या, पेले, काटे-चमचे बंद केले. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. 1 जुलै 2022 पासून केंद्राची बंदी आली. त्याच महिन्यात राज्याने प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या-पेल्यांनाही मनाई केली, आणि वर्ष संपता संपता प्रमाणित कंपोस्टेबल वस्तूंना मोकळीक दिली. या सगळ्यात बदलला तो माल. थर्माकोल गेला, कागद आला, उसाच्या चिपाडाच्या ताटल्या आल्या, लाकडी चमचे आले. जेवण आटोपलं की सगळं मोठ्या काळ्या पिशवीत कोंबून जिन्याखाली ठेवायचं, ही रीत मात्र जागची हलली नाही. म्हणून ताटली कसली, याआधी मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. जेवणारा उठल्यावर त्या ताटलीचं काम कुणाच्या अंगावर पडतं? एकदाच वापरायची ताटली धुण्याचं काम वाचवते असं आपण धरून चालतो. ती ते काम फक्त आपल्या नजरेआड नेते. आणि ते नजरेसमोर आणायचं असेल, तर भांडी सामायिक करावी लागतील आणि धुणाऱ्याला त्याचा मोबदला द्यावा लागेल. माझं सगळं म्हणणं एवढ्यात येतं.

आधी कागदाच्या पेल्याचं बघू, कारण बंदीनंतर सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर ठेवला गेला. पेला नुसत्या कागदाचा असता तर गरम चहा त्याने दोन मिनिटंही धरला नसता. त्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं की एक गुळगुळीत, किंचित मेणचट चकाकी लागते. पेला रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा आणि सकाळी कडेपासून नखाने सोलावा; कागदाचा लगदा एकीकडे होतो आणि हातात एक पातळ, पारदर्शक कातडी येते. ते पॉलिथिन. या कातडीमुळे पेला कागदाच्या रद्दीत जात नाही आणि प्लॅस्टिकच्या भंगारातही जात नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं की 85 ते 90 अंश सेल्सियसचा 100 मिलिलिटर गरम द्रव अशा पेल्यात पंधरा मिनिटं राहिला, तर त्यात सूक्ष्म प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 कण उतरतात. ऑफिसात दिवसातून तीनदा असा चहा घेणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवायला हवा. त्याचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे ठरायला वेळ लागेल, पण ज्या वस्तूला आपण प्लॅस्टिकला पर्याय म्हणून घरात घेतलं, तिच्यातूनच प्लॅस्टिक पोटात जातं एवढं तर नक्की झालं.

कंपोस्टेबल वस्तूंचं दुखणं वेगळं. प्रमाणपत्र खरं असतं, पण ते ज्या परिस्थितीसाठी दिलेलं असतं ती परिस्थिती जेवणानंतरच्या काळ्या पिशवीत नसते. कंपोस्टेबल प्लॅस्टिकला ठरावीक उष्णता, ओलावा आणि हवा नियंत्रित ठेवणारा प्रकल्प लागतो. मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, उरलेला देवनारला, जिथे 1927 पासून कचरा पडतो आहे आणि जिथल्या जानेवारी 2016 च्या आगीचा धूर दूरवरच्या वस्त्यांनीही श्वासात घेतला. वरणभात लागलेली चिपाडाची ताटली, लाकडी चमचा, केकचं खोकं आणि कोल्ड्रिंकची बाटली एकाच पिशवीत बांधली, की प्रमाणपत्राचा अर्थ तिथेच संपतो. जे गाडीपर्यंत पोचत नाही ते नाल्यात जातं. आरेच्या टेकड्यांतून निघणारी ओशिवरा नदी गोरेगावच्या अंगाने वाहत मालाडच्या खाडीला मिळते. पावसाळ्याच्या पहिल्या जोराच्या सरीनंतर तिच्या काठावरच्या झुडपांना काय काय लटकलेलं असतं, ते पुलावरून जाणारा कुणीही पाहू शकतो.

एवढ्यावरून स्टीलचं ताट आपोआप जिंकलं असं मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूचा पुरावा तगडा आहे आणि तो डावलला तर युक्तिवाद लंगडा पडेल. कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी 1994 साली पेल्यांचा ऊर्जेच्या अंगाने हिशेब मांडला. चिनी मातीचा कप बनवायला इतकी ऊर्जा लागते, आणि तो दर वेळी धुवायला पुन्हा इतकी, की कागदी पेल्याच्या तोडीस यायला तो 39 वेळा वापरावा लागतो. फोमच्या पेल्याशी बरोबरी करायला तर 1,006 वेळा. काचेच्या पेल्याला कागदाशी बरोबरी करायला 15 वापर पुरतात. हे आकडे प्लॅस्टिकवाल्यांनी पुष्कळ मिरवले. पण हिशेब कुठल्या स्वयंपाकघराचा होता हेही बघायला हवं. त्यात भांडी गरम पाण्याच्या यंत्रात धुतली जातात आणि धुण्याच्या ऊर्जेचा मोठा भाग पाणी तापवण्यात जातो. आपल्याकडे मोरीत नळाच्या पाण्याने, हाताने, काथ्याने किंवा तारेच्या घासणीने भांडी घासतात. तापवायचा खर्च जवळपास नाहीच. शिवाय स्टील त्या यादीत नव्हतं, आणि स्टीलचं ताट फुटत नाही, पिढी ओलांडतं, शेवटी भंगारवाल्याकडे वजनावर जातं. तरीही हॉकिंग यांच्या हिशेबातली एक गोष्ट मी मनापासून मानतो: पुन्हा वापरायची वस्तू खरोखर पुन्हा पुन्हा वापरली, तरच तिला अर्थ आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या वाढदिवसासाठी प्रत्येक घराने पन्नास ताटांचा नवा संच घेतला, तर ती पर्यावरणाची काळजी ठरत नाही, नुसती खरेदी ठरते.

इथेच आपल्या घरांचा माळा मदतीला येतो. मराठी घरात स्टीलची भांडी विकत घेतली त्यापेक्षा आहेरात आली जास्त. लग्न, मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण, प्रत्येक प्रसंगाची ताटं, वाट्या, पेले वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर चढलेले असतात. एखादं खाली काढून उलटं करून पाहावं. तळाशी किंवा काठाच्या खाली दुकानदाराच्या यंत्राच्या सुईने ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं नाव असतं, देणाऱ्याचं गाव असतं, तारीख असते. अक्षरं थोडी वाकडी, शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे दाटीत बसवलेलं. या ताटांना लागणारी ऊर्जा केव्हाच खर्च झाली आहे. ती आता नुसती पडून आहेत. पंचवीस घरांच्या इमारतीत प्रत्येकाने चार-चार ताटं-वाट्या खाली आणून दिल्या, तर शंभर पानांची पंगत एकही नवी वस्तू न घेता उठते. ती एका मापाची, एका घाटाची नसतील. नसू देत. कोरलेल्या नावामुळे परत लावतानाही घोळ होणार नाही.

सामायिक भांडी, परत करण्याची शिस्त आणि एका ठिकाणी धुण्याची सोय, हे परदेशातून आणायला नको. गोरेगावच्या हद्दीतच ते मोठ्या प्रमाणावर चाललेलं होतं. आरे दुग्ध वसाहत 1949 साली उभी राहू लागली, 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, आणि तिथलं दूध मुंबईच्या घरोघरी काचेच्या बाटलीतून गेलं. जाड काचेची बाटली, वर ॲल्युमिनियमच्या वर्खाचं झाकण. पहाटे केंद्रावर रांग लागायची, हातात कार्ड आणि रिकामी बाटली. रिकामी दिली की भरलेली मिळायची. घरी बाटली विसळून ठेवणं हे सकाळच्या कामांतलंच एक काम होतं, आणि पुढचं निर्जंतुक धुणं डेअरी करायची. दूध नासणारी वस्तू, शहर एवढं मोठं, तरी बाटल्या येत-जात राहिल्या, कारण परतीची वाट आधी आखलेली होती आणि धुण्याची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट होतं. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि ती वाट बुजली. 2018 च्या अधिसूचनेत दुधाची पिशवी 50 पैशांना परत घेण्याची तरतूद होती. ती दुकानाच्या फळीपर्यंत रुजली नाही. नुसता दर छापून परतीची वाट तयार होत नाही, त्यासाठी जागा, माणूस आणि वेळ ठरवावी लागते. जर्मनीतल्या फ्रायबर्ग शहराने 2016 मध्ये एक युरो अनामत घेऊन कॉफीचा पेला कुठल्याही सामील दुकानात परत करण्याची सोय केली, तेव्हा तिचं कौतुक झालं. आरेच्या केंद्रावर तेच तत्त्व अर्ध्या शतकाआधी रोजच्या सवयीचं झालं होतं. बंगळुरूची अदम्य चेतना ही संस्था समारंभांना स्टीलची ताटं वापरायला देणारी ताटांची बँक चालवते. गोरेगावच्या मंडपवाल्यांकडे तर ताटं, पेले, टोप, पिंप भाड्याने मिळतातच. मागणी घटली म्हणून ती गोदामात मागे ढकलली गेली आहेत, एवढंच.

पहिला आक्षेप पाण्याचा, आणि गोरेगावात तो हलक्याने घेता येत नाही. मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव या उपनगराने दिलं ते उगाच नाही. नळाला पाणी यावं म्हणून इथल्या बायकांनी हंडे घेऊन मोर्चे काढले आहेत. तेव्हा ताटं धुण्यात पाणी वाया घालवायचं का, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न खरा आहे. हिशेब करू. खरकटं आधी काढून ओल्या कचऱ्यात टाकलं, मग एका टबात भिजवणं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात विसळणं असं केलं, तर ताटामागे दोन लिटर धरणं पुष्कळ झालं. शंभर ताटांना दोनशे लिटर. भारतीय मानकानुसार शहरातल्या एका माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, म्हणजे शंभर माणसांच्या पंगतीचं धुणं दीड माणसाच्या एका दिवसाच्या पाण्यात होतं. वाहत्या नळाखाली एकेक ताट धरलं तर मात्र हा हिशेब कोलमडतो, म्हणून पद्धतीचा आग्रह हवा. कागद बनवायलाही पाणी लागतं, कागदगिरणीच्या नदीतलं. ते आपल्या मीटरवर दिसत नाही, म्हणून फुकटचं वाटतं.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म त्यातच आहे. भांडी पिढ्यान् पिढ्या बायकांनी घासली. पंगत उठायची तेव्हा पुरुष पान खात गप्पा मारायचे आणि मोरीवर बायका कंबर मोडेपर्यंत बसायच्या. एकदाच वापरायच्या ताटलीने त्यांना त्या मोरीवरून उठवलं. आता पर्यावरणाच्या नावाखाली त्यांना परत तिथे बसवायचं का? नाही, मुळीच नाही. पण मोरीवरून उठलेलं काम गेलं कुठे, हेही विचारायला हवं. काळी पिशवी सकाळी इमारतीचा सफाई कामगार उचलतो. ती फाटते, आमटी त्याच्या पायावर गळते. पुढे कचरावेचक बाई त्या पिशवीत हात घालून विकता येईल असं काही आहे का ते शोधते, बहुतेक वेळा हातमोज्यांशिवाय. घरातल्या बाईचे कष्ट वाचले आणि तिच्याहून कमी मिळवणाऱ्या, कमी सन्मान मिळणाऱ्या माणसांच्या वाट्याला ते आले. ते लोक बहुतेक कुठल्या जातींतले असतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. म्हणून धुण्याचं काम उघड्यावर आणायला हवं. ते कामगार ठेवून करून घ्यायचं असेल तर मजुरी आधी ठरवावी, कार्यक्रमाच्या खर्चात मंडप आणि केकच्या शेजारी ती लिहावी, उभं राहून धुता येईल असा ओटा आणि हातमोजे द्यावेत. आपसात करायचं असेल तर पाळ्या लावाव्यात आणि त्यात पुरुषांची नावं आधी यावीत. घरकाम करणाऱ्या बाईला ‘आज थोडी जास्त भांडी आहेत’ एवढं सांगून गप्प बसणं, हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग आहे.

जातीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक बोलून टाकतो. एकदाच वापरायच्या पेल्याची सोय वाटण्यामागे उष्ट्याचा जुना संकोचही आहे. घरकामाच्या बाईसाठी, ड्रायव्हरसाठी, कुरिअरवाल्यासाठी वेगळा कप ठेवणं आज उघडपणे करायला लोक कचरतात; कागदी पेला पुढे केला की तेच साधतं आणि कुणाला काही म्हणता येत नाही. त्या पेल्यावर स्वच्छतेचं आवरण असतं. याच महाराष्ट्रात महात्मा फुले यांनी 1868 साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, सहभोजनांसाठी समाजसुधारकांनी शिव्या खाल्ल्या. एकाच संचातलं ताट सगळ्यांपुढे येणं आणि ते धुऊन उद्या दुसऱ्यापुढे जाणं, यात एक सामाजिक कबुली आहे. साबण आणि पाण्याने धुतलेलं ताट स्वच्छ असतं, त्यात आधी कोण जेवलं याने फरक पडत नाही. दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलेल्या गठ्ठ्यातली कागदी ताटली न धुता वापरणारे आपण, आणि घासून उन्हात वाळवलेल्या ताटाबद्दल शंका घेणारेही आपण. साथीचा आजार असेल, घरात प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल, तर वेगळी व्यवस्था जरूर करावी. तो अपवाद आहे, त्याच्या आडून रोजचा नियम ठरू नये.

पत्रावळीचं काय, असं विचारणारे पुष्कळ असतात, आणि मला पत्रावळीबद्दल आदर आहे. पळसाची, काड्यांनी टाचलेली खरी पत्रावळ, किंवा वसई-पालघरहून येणारं केळीचं पान, या एकदाच वापरायच्या असूनही निर्दोष वस्तू आहेत; पण एका अटीवर. त्या ओल्या कचऱ्यातून खतापर्यंत पोचल्या पाहिजेत. ऑक्टोबर 2017 पासून महापालिकेने मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे. जिथे खताचा खड्डा खरोखर चालू आहे, तिथे गणपतीचं जेवण केळीच्या पानावर व्हावं, त्याहून चांगलं काही नाही. बाजारात पत्रावळ म्हणून मिळणाऱ्या कित्येक ताटल्यांच्या तळाला मात्र चंदेरी किंवा प्लॅस्टिकचा थर असतो. घेताना उलटी करून पाहावी.

रोजच्या वापराचं बोलायचं तर ते पंगतीपेक्षा सोपं आहे, कारण तिथे गर्दीची अडचण नसते, फक्त सवयीची असते. मुंबईचा डबेवाला 1890 पासून रिकामा डबा संध्याकाळी घरी परत पोचवतो आहे. त्याच शहरात आता एका माणसाच्या दुपारच्या जेवणाबरोबर काळे डबे, चटणीच्या पुड्या आणि चमचे येतात, आणि खाणारा बहुतेक वेळा घरीच बसलेला असतो, जिथे चमच्यांचं खोकं हाताशी असतं. झोमॅटोने ऑगस्ट 2021 मध्ये चमचे मागितले तरच द्यायचे असं केलं. कुणावर सक्ती न करता, फक्त न मागता मिळणं बंद करून. हॉटेलातल्या पार्सललाही हेच लागू करता येईल. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक स्टीलचा पेला आणि एक चमचा ठेवणं याला तर कुठल्याच नियमाची गरज नाही, आणि रोजच्या वापरात हॉकिंग यांचे 39 वापर दोन महिन्यांच्या आत पुरे होतात.

आता सोसायट्यांपुरतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी शंभरांहून अधिक माणसांच्या कार्यक्रमाची सूचना स्थानिक संस्थेला तीन कामकाजाचे दिवस आधी द्यायला आणि कचरा वेगळा करायला सांगितलं. गोरेगाव ज्यात येतं त्या महापालिकेच्या पी दक्षिण विभागात किती आयोजकांना हे ठाऊक असेल, याचा विचार करूनच काम हाती घ्यावं लागेल. नियमावर विसंबून न राहता वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव करता येतो. दिंडोशीच्या नागरी निवारासारख्या, सहकाराच्या लढ्यातूनच उभ्या राहिलेल्या वसाहतींना तर ठराव करून एकत्र काम उभं करणं नवं नाही. ठरावात चार-पाच गोष्टी लागतात: माळ्यावरून आलेल्या भांड्यांची नोंदवही, ठेवायला सोसायटीच्या ऑफिसात एक कपाट (जिन्यात नको, आगीच्या वेळी वाट अडते), बाहेर नेणाऱ्याकडून अनामत, हरवलेल्या ताटाची ठरलेली भरपाई, आणि धुणाऱ्याची मजुरी. शेवटच्या कलमावर सभेत सगळ्यात जास्त वाद होईल. तो होऊ द्यावा, कारण काम कुणाचं आणि त्याचं मोल किती, हे सगळ्यांसमोर ठरायची तीच जागा आहे.